मात्रा, मार्ग आणि वेळ : परिचर्येच्या विद्यार्थ्यांसाठी औषधशास्त्राची शब्दओळख

दापोडे, माणकोली, वळ, पूर्णा या पट्ट्यातील कुटुंबांना औषधांचे खोके नवीन नाहीत. भिवंडीच्या गोदामांत जो नाना प्रकारचा माल उतरतो त्यात औषध कंपन्यांचाही माल असतो, आणि तो उतरवून घेणारे, मोजणारे, पुन्हा गाडीत भरणारे हात पुष्कळदा आपल्याच गावच्या माणसांचे असतात. त्या खोक्यावरचा मजकूर थांबून वाचला तर औषधशास्त्राचा पहिला धडा तेथेच सापडतो. ‘बॅच क्रमांक’ म्हणजे एका वेळी एकत्र तयार झालेल्या औषधाची खूण. तळणीचा जसा एक घाणा, तसा औषधाचाही एक घाणा. मुदतीपुढे केवळ महिना व वर्ष छापलेले असेल तर त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत औषध वापरता येते. वेष्टनाच्या डाव्या कडेला लाल उभी रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकावयाचे नसते. आणि तापमान. लसीच्या खोक्यावर अधिक २ ते अधिक ८ अंश सेल्सिअस असे लिहिलेले असते. उष्णतेने लस बिघडते हे सर्वांस ठाऊक असते. पण धनुर्वात-घटसर्पाची, काविळीची (हिपॅटायटिस बी) किंवा पेंटाव्हॅलेंट लस गोठली तरीही निकामी होते, हे अनेकांना माहीत नसते. ‘शीतसाखळी’ या शब्दात दोन्ही बाजूंची मर्यादा अभिप्रेत आहे.

आपल्यासारख्या निवासी शाळांतून बाहेर पडलेल्या अनेक मुली, आणि आता काही मुलगेही, एएनएम, जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंगकडे वळतात. दहावी-बारावीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झालेले असते आणि पहिल्याच वर्षी औषधशास्त्राचे पुस्तक समोर येते ते इंग्रजीत. त्यातील निम्मे शब्द इंग्रजीही नसतात, लॅटिन असतात. मग पाठांतर सुरू होते. पाठांतराने परीक्षा निभावते. परंतु रात्रपाळीला वॉर्डात एकटे असताना पाठ केलेला शब्द आणि समजलेला शब्द यांतील अंतर उघडे पडते. डॉक्टर औषध लिहितात, औषधनिर्माता ते देतो, पण रुग्णाच्या शरीरात ते प्रत्यक्ष पोहोचवणारा शेवटचा हात परिचारिकेचा असतो. त्या हातानंतर चूक पकडणारे कोणीही उरत नाही. शिवाय रुग्ण प्रश्न विचारतो तो मराठीत. म्हणून प्रत्येक शब्द दोन्ही भाषांत ठाऊक असणे, ही रुग्णाच्या सुरक्षिततेचीच गरज होय. हा लेख विद्यार्थ्यांसाठी असला तरी घरी आजारी माणसाला औषध देणाऱ्या पालकांनीही तो वाचावा. यातील आकडे समजण्यासाठी आहेत. औषध ठरविण्याचे काम डॉक्टरांचेच.

प्रथम नावाविषयी. एका औषधाला साधारणतः तीन नावे असतात : रासायनिक नाव, मूळ नाव (यालाच जेनेरिक म्हणतात) आणि कंपनीने ठेवलेले व्यापारी नाव. रासायनिक नावाची गरज वॉर्डात सहसा पडत नाही. मूळ नाव मात्र पक्के हवे. क्रोसिन, कॅलपॉल आणि डोलो ही तीन वेगळी औषधे नव्हेत; तिन्हींत पॅरासिटामॉल आहे. तापासाठी एक, अंगदुखीसाठी दुसरे आणि सर्दीसाठी तिसरीच मिश्र गोळी घेणारा माणूस नकळत एकच औषध तिप्पट घेत असतो. प्रौढ माणसाने २४ तासांत ४ ग्रॅमपेक्षा अधिक पॅरासिटामॉल घेऊ नये, कारण पुढे यकृताला इजा होण्याचा धोका असतो. याच्या उलट, दोन निराळ्या औषधांची नावे कानाला सारखी लागतात. डोपामिन आणि डोब्युटामिन, हायड्रॅलाझिन आणि हायड्रॉक्सिझिन. फोनवरून आलेली सूचना म्हणूनच लिहून घ्यावी आणि परत वाचून दाखवावी. त्यात कोणाचा अवमान होत नाही.

आता ‘मात्रा’. हा शब्द आपल्याकडे आयुर्वेदातून आला आणि बोलीतही इतका मुरला की ‘त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही’ असे आपण सहज म्हणतो. परंतु या वाक्प्रचारात मात्रा म्हणजे औषधच. औषधशास्त्रात मात्रा म्हणजे औषधाचे एका वेळचे परिमाण, अर्थात डोस. सोळाव्या शतकातील युरोपीय वैद्य पॅरासेल्सस याने मांडलेला विचार आजही या शास्त्राचा पाया आहे : पदार्थ विष ठरतो की औषध, हे त्याचे प्रमाण ठरवते. एखादे औषध गुण देऊ लागते ती मात्रा आणि अपाय करू लागते ती मात्रा, यांतील अंतराला सुरक्षिततेची कक्षा म्हणतात. पॅरासिटामॉलची कक्षा पुरेशी रुंद आहे. हृदयविकारातील डिजॉक्सिनची फार अरुंद. डिजॉक्सिन देण्यापूर्वी मिनिटभर नाडी मोजण्याची शिस्त त्यामुळेच आहे. प्रौढाचे ठोके मिनिटाला ६० पेक्षा कमी असतील तर औषध थांबवून डॉक्टरांना कळवावे लागते.

मात्रेच्या हिशेबासाठी एक उदाहरण नीट पाहू, कारण ते प्रत्येक घरात घडते. दहा किलो वजनाच्या बाळाला ताप आहे. किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने त्याला एका वेळी १५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्यायचे ठरले. दुकानात हे औषध तीन प्रकारच्या बाटल्यांत मिळते. थेंबांच्या छोट्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते. म्हणजे द्यावयाचे दीड मिलिलिटर. एका प्रकारच्या पातळ औषधात ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असते; तेथे ६ मिलिलिटर द्यावे लागेल. दुसऱ्यात ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम. तेथे ३ मिलिलिटर. औषध एकच, मात्रा एकच, बाळही तेच, आणि तरीही मोजमाप दीड, तीन किंवा सहा. आता आईच्या लक्षात ‘सहा’ राहिले आणि घरात थेंबांची बाटली आहे, तर बाळाला चौपट औषध जाईल. तान्ह्या बाळाचे म्हणून थेंबांचे औषध सौम्य असते, हा समज सार्वत्रिक आहे आणि तो नेमका उलटा आहे. थेंबांचे औषध सर्वांत तीव्र असते. घट्टपणाच्या या मोजमापाला ‘तीव्रता’ किंवा ‘संहती’ म्हणतात. सूत्र सोपे आहे : हवी असलेली मात्रा भागिले उपलब्ध मात्रा, गुणिले ज्या द्रवात ती उपलब्ध आहे तो द्रव. सूत्र न आठवले तरी त्रैराशिक आठवावे. पाचवी-सहावीतले ते गणित वॉर्डात रोज लागते. चमच्याचे म्हणाल तर स्वयंपाकघरातील चमचा कधी तीन मिलिलिटरचा असतो, कधी आठचा. बाटलीसोबत आलेले टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज हेच खरे माप.

इन्सुलिनची गोष्ट याहून गंभीर आहे. ते ‘युनिट’मध्ये मोजतात. आपल्याकडे १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या कुप्या आहेत आणि १०० युनिट असलेलेही इन्सुलिन मिळते. त्यांच्या सिरिंजाही वेगळ्या : ४० च्या सिरिंजेचे टोपण लाल, १०० च्या सिरिंजेचे नारिंगी. आता १०० वाले इन्सुलिन ४० च्या सिरिंजेत २० च्या खुणेपर्यंत ओढले तर काय होईल? ती खूण अर्ध्या मिलिलिटरची आहे, तेव्हा रुग्णाच्या अंगात २० ऐवजी ५० युनिट जातील आणि रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरेल. गावात मधुमेहाचे रुग्ण वाढले आहेत, घरोघरी सुना आणि नातवंडे इन्सुलिन टोचतात. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजेवरचा आकडा एकच आहे ना, एवढे पाहण्याची सवय त्यांना लावणे हे गावातील परिचारिकेचे काम आहे. केसपेपरवर ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा. इंग्रजी आद्याक्षर लिहिले तर ते घाईत शून्यासारखे दिसते आणि चार युनिटचे चाळीस होतात.

आकड्यांच्या लेखनाचा आणखी एक धोका खास आपल्या भाषेचा आहे आणि पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख आढळत नाही. देवनागरी १ हाताने भरभर लिहिला की इंग्रजी नवासारखा दिसतो. देवनागरी ४ हा इंग्रजी आठाचा जवळजवळ जुळा भाऊ. रुग्णालयात इंग्रजी आकडे, घरच्या कागदावर मराठी आकडे, आणि वाचणारी व्यक्ती तिसरीच. एका कागदावर एकाच लिपीचे आकडे, आणि शेजारी अक्षरांत ‘चार’ असे लिहिले तर प्रश्नच मिटतो. दशांश चिन्हाबाबत जगभर मान्य असलेला नियमही असाच साधा आहे : ‘.५’ असे लिहू नये, ‘०.५’ लिहावे, आणि ‘१.०’ असे लिहू नये, नुसते ‘१’ लिहावे. टिंब पुसट झाले की पहिल्याचे ५ होतात आणि दुसऱ्याचे १०.

औषध शरीरात गेल्यावर त्याचे काय होते, हे चार शब्दांत सांगता येते : शोषण, वितरण, चयापचय आणि उत्सर्जन. आतड्यातून किंवा स्नायूतून औषध रक्तात येते, रक्तातून अवयवांपर्यंत जाते, मुख्यतः यकृतात त्याचे रूपांतर होते आणि बहुधा मूत्रपिंडांतून ते बाहेर पडते. म्हणून यकृत किंवा मूत्रपिंड दुबळे असलेल्या रुग्णाची मात्रा बदलते. तोंडावाटे घेतलेले औषध आतड्यातून प्रथम यकृतात जाते आणि तेथे त्याचा काही भाग खर्ची पडतो. छातीत कळ आल्यावर सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली का ठेवतात, याचे उत्तर येथे आहे : जिभेखालच्या शिरांतून औषध यकृत टाळून थेट रक्तप्रवाहात मिसळते. ती गोळी गिळली तर परिणाम उशिरा आणि कमी होतो. रक्तातील औषध निम्मे होण्यास लागणाऱ्या वेळेला ‘अर्धायुष्य’ म्हणतात. पॅरासिटामॉलचे अर्धायुष्य दोन ते तीन तासांचे, म्हणून ते दिवसातून अनेकदा द्यावे लागते.

औषध काम कसे करते, हे समजून घेण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. कोकणातील विंचू पुरेसा आहे. ठाणे-रायगडच्या गावांत लाकडाच्या ढिगात, दगडाखाली, पेंढ्यात लाल विंचू आढळतो. त्याच्या दंशाने एके काळी धडधाकट मुले दगावत. १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेले तरुण डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणे नोंदवली. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, आधी वाढलेला रक्तदाब, मग थकत चाललेले हृदय आणि फुफ्फुसात साठणारे पाणी. या विषाने शरीरात ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन यांचे जणू वादळ उठते. ही द्रव्ये रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील ‘अल्फा’ नावाच्या ग्राहींना (रिसेप्टर) जाऊन चिकटतात आणि वाहिन्या आवळल्या जातात. ग्राही म्हणजे कुलूप, द्रव्य म्हणजे किल्ली. प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध त्याच कुलपात जाऊन बसते, पण ते उघडत नाही. खरी किल्ली बाहेर राहते, वाहिन्या सैल होतात, हृदयावरचा भार उतरतो. अशा औषधाला ‘प्रतिरोधक’ (अँटॅगोनिस्ट) म्हणतात. जे कुलूप उघडते ते ‘उत्तेजक’ (अ‍ॅगोनिस्ट). विंचूदंशावरील प्राझोसिनच्या उपचाराविषयी डॉ. बावस्कर यांचे लेखन १९८६ साली ‘द लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रक्तदाबाचे एक साधे, स्वस्त औषध कोकणात विंचवावर चालले, ते ग्राहींचे शास्त्र त्यामागे होते म्हणून. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या एका उदाहरणात परिचारिकेला लागणारे बरेच शब्द दडले आहेत. प्राझोसिनची मात्रा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. दहा किलोच्या मुलाला ३०० मायक्रोग्रॅम, अर्थात ०.३ मिलिग्रॅम. मिलि आणि मायक्रो यांत गल्लत झाली तर चूक हजारपटीची होते, म्हणून मायक्रोचे ग्रीक चिन्ह न वापरता तो शब्द अक्षरांत लिहावा. प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो. याला ‘प्रथम मात्रेचा परिणाम’ म्हणतात. त्यामुळे रुग्णाला निजवून ठेवावे, आई कितीही म्हणाली तरी मुलाला एकदम उचलून कडेवर घेऊ देऊ नये. नुसत्या दंशाच्या जागी वेदना असेल आणि वर सांगितलेली लक्षणे नसतील तर प्राझोसिन देत नाहीत. औषध कोणत्या अवस्थेत द्यावे याला ‘निर्देश’ (इंडिकेशन) आणि कोणत्या अवस्थेत देऊ नये याला ‘वर्ज्यता’ (काँट्राइंडिकेशन) म्हणतात.

बोलीत या सगळ्याला आपण ‘उतारा’ म्हणतो. विंचू चढतो, विंचू उतरतो. शब्द गोड आहे. पण त्याखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. प्रतिरोधक औषध विषाला हात लावत नाही, विषाने उठवलेल्या द्रव्यांची वाट अडवते. परळच्या हाफकिन संस्थेच्या परंपरेतून घोड्यांच्या रक्तापासून तयार होणारे ‘प्रतिविष’ मात्र विषाच्या रेणूंनाच धरून निकामी करते. साप आणि विंचू, दोहोंसाठी ते असते. तिसरा प्रकार विशिष्ट प्रतिकारकाचा, जसे शेतातील कीटकनाशकाच्या विषबाधेत ॲट्रोपिन. गावात समजावताना ‘उतारा’ खुशाल म्हणावे, नोंदवहीत मात्र नेमका शब्द लिहावा.

‘मार्ग’ (रूट) शिकण्यासाठी बाळाच्या लसीकरण कार्डाइतके उत्तम पुस्तक दुसरे नाही. पोलिओचे दोन थेंब तोंडावाटे. बीसीजी डाव्या दंडावर ‘त्वचेत’ : सुई त्वचेला जवळजवळ समांतर, १० ते १५ अंशांत, आणि तेथे मसुरीएवढा फुगा उठला पाहिजे, महिन्याच्या आतील बाळाला ०.०५ मिलिलिटर, त्यानंतर ०.१. गोवर-रुबेलाची लस उजव्या दंडावर ‘त्वचेखाली’, ४५ अंशांत. पेंटाव्हॅलेंट मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या अंगाला ‘स्नायूत’, ९० अंशांत. उरला तो ‘शिरेतून’ देण्याचा मार्ग, ज्यात औषध थेट रक्तात जाते आणि परत घेता येत नाही. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण शिरेतून थेट टोचल्यास हृदय बंद पडते. ते सौम्य करून, सावकाश थेंबांनीच द्यावे लागते. सलाइनच्या थेंबांचा हिशेबही अवघड नाही. ५०० मिलिलिटर चार तासांत संपवायचे आणि नळी २० थेंबांना एक मिलिलिटर देणारी असेल, तर ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, भागिले २४० मिनिटे, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२. लहान मुलांच्या सूक्ष्म नळीत ६० थेंबांचा एक मिलिलिटर होतो; तेच सलाइन त्याच वेळात द्यायचे तर मिनिटाला १२५ थेंब. नळी बदलली की गणित बदलते. तोंडावाटे देण्याच्या मार्गातही एक खाच आहे. नावापुढे ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ असलेली गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. आजोबांना गिळता येत नाही म्हणून ती कुटून दिली तर दिवसभराचे औषध एका घटकेत अंगात उतरते.

आता ‘वेळ’. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा, एचएस झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, एसओएस गरज पडल्यास, स्टॅट ताबडतोब. ही सर्व लॅटिन शब्दांची संक्षिप्त रूपे. एचएस म्हणजे ‘होरा सोम्नी’, निद्रेची घटका. ‘बीडी घ्या’ असे रुग्णासमोर मोठ्याने म्हणू नये हे सांगणे न लगे. आपल्या भाषेत यांना अधिक चपखल शब्द आहेत आणि ते वापरण्याचा संकोच नसावा. ‘अनशापोटी’ म्हटले की थायरॉइडची गोळी चहाच्याही आधी घ्यायची हे आजींना तत्काळ कळते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या ‘एनबीएम’चा अर्थ ‘काही खाऊ नका’ असा सांगितला जातो आणि रुग्ण चहा पिऊन येतो, कारण चहा हे खाणे नव्हे. त्याऐवजी ‘निर्जळी’ म्हणावे. निर्जळी उपवास ठाऊक नसलेली बाई महाराष्ट्रात विरळा. तथापि सकाळची ठरलेली रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना विचारून स्वतंत्रपणे सांगावे. ‘१-०-१’ ही सकाळ-दुपार-रात्रीची खूण उत्तम आहे. निरक्षर रुग्णासाठी सूर्य आणि चंद्र काढून द्यावा. ‘एसओएस’ मात्र अपुरा शब्द आहे : गरज पडली तरी दोन मात्रांमध्ये किती तास जाऊ द्यायचे आणि दिवसातून जास्तीत जास्त किती वेळा, हे सांगितल्याविना तो रुग्णाच्या हाती देऊ नये. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेले तर रक्तपेशी तयार होण्याचे थांबते आणि जिवावर बेतते. अशा वेळी ‘आठवड्यातून एकदा’ एवढे न सांगता वार ठरवून द्यावा, शक्य तर गावच्या बाजाराचा. तो विसरला जात नाही.

‘अनुपान’ हाही असाच आपला जुना, अचूक शब्द : औषध कशासोबत घ्यावे. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घेतली तर शोषण वाढते; चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली तर घटते. अलीकडच्या माजी विद्यार्थ्यांना शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी आठवत असेल. ती लोह आणि फॉलिक ॲसिडचीच. गर्भवतीला रोज मिळते ती लाल, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची. ती घेतल्यावर शौचाचा रंग काळा होतो. हे आधी सांगितले नाही तर घाबरून बाई गोळ्या ओतून टाकते, आणि नोंदीत मात्र १८० गोळ्या दिल्याचे दिसते.

येथे विनयपिटकातील महावग्गाची आठवण येते. रुग्णाची शुश्रूषा करण्यास योग्य कोण, याची पाच लक्षणे तेथे सांगितली आहेत. मैत्रचित्ताने, लाभाची आशा न धरता सेवा करणे हे त्यात आहे. मलमूत्र काढताना किळस न वाटणे आहे. रुग्णाला वेळोवेळी धम्मकथेने धीर देणेही आहे. परंतु पहिले लक्षण औषध नीट सिद्ध करता येणे हे आहे, आणि दुसरे रुग्णाला काय हितकर व काय अहितकर हे जाणून अहितकर दूर करणे, हे. मैत्री तिसऱ्या स्थानी येते. परिचारिकेची स्तुती करताना आपण ‘सेवाभाव’ एवढाच शब्द वापरतो आणि तिच्या ज्ञानाबद्दल बोलत नाही, हे मला नेहमी खटकते.

राहिला प्रश्न अपायाचा. ‘साइड इफेक्ट’ हा शब्द सगळे सरसकट वापरतात. लोहाने शौच काळे होणे हा अपेक्षित, निरुपद्रवी सहपरिणाम. ॲलर्जी ही निराळी : येथे शरीर औषधाला शत्रू मानते, आणि त्याचे मात्रेशी नेहमीचे नाते उरत नाही, थोडे औषधही पुरते. तिचे सर्वांत भयंकर रूप म्हणजे ‘ॲनाफायलॅक्सिस’ : अंगावर गांधी, घशाला सूज, श्वास लागणे, रक्तदाब कोसळणे. त्यावर प्रौढास ॲड्रिनॅलिन ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या अंगाला, स्नायूत. कुपीवर ‘१ : १०००’ असते, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम, तेव्हा अर्धा मिलिलिटर. ‘१ : १०,०००’ची कुपी दहापट सौम्य असते. इंजेक्शननंतर रुग्णाला अर्धा तास बसवून ठेवण्याचा कंटाळा येतो तो याच कारणाने सोसायचा.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. औषध देण्याचे हे पाच निकष प्रत्येक विद्यार्थी घोकतो. पण १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हे पाचही निकष सांभाळले जात असताना माणसे दगावली. मेंदूतील आणि डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचे विषारी द्रव्य मिसळलेले होते. रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली. १४ जणांचा मृत्यू झाला. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने पुढे त्याची सविस्तर चौकशी केली. त्या बाटलीवरचे नाव वाचून कोणत्याही परिचारिकेला आत काय आहे ते कळले नसते. अशा वेळी उपयोगी पडते ती सहावी गोष्ट, नोंद : कोणत्या रुग्णाला कोणत्या बॅचचे औषध किती वाजता गेले, आणि त्यानंतर त्याला लघवी किती झाली. एका रुग्णाची लघवी घटली तर तो आजाराचा भाग वाटतो. तीन खाटांवरच्या तक्त्यांत तेच दिसले आणि तिघांनाही एकच औषध गेले असेल, तर ते तक्ते भरणाऱ्या व्यक्तीच्या नजरेत ते सर्वांआधी यायला हवे.

औषधांच्या अपायांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे. गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोग त्याचे केंद्र आहे. त्याला कळविण्याचा अधिकार डॉक्टरांप्रमाणेच परिचारिकेलाही आहे आणि १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णाचे नातेवाईकही कळवू शकतात. अपाय औषधानेच झाला हे सिद्ध करून दाखवावे लागत नाही, संशय पुरतो. अर्जात औषधाचे नाव, मात्रा, मार्ग, सुरू केल्याचा दिवस आणि बॅच क्रमांक विचारलेला असतो. यास्तव इंजेक्शननंतर काही विपरीत दिसल्यास रिकामी कुपी लगेच टाकून देऊ नये. तिच्यावरचा क्रमांक आधी नोंदवहीत उतरवून घ्यावा.